वरची

पाऊस नसतो, ऊनही नसतं. तरी ती बाई मिटलेली छत्री डोक्यावर उंच धरून आमच्या रस्त्यात शिरते आणि तिच्यामागून पाहुण्यांचा घोळका येतो. ती शहर दाखवते. छत्री हरवू नये म्हणून नाही, पाहुणे हरवू नयेत म्हणून वर धरते. मी तिला छत्रीवाली म्हणते. आधी ती कोपऱ्यावरच्या जुन्या गोदामापाशी थांबते, मग आमच्या लाँड्रीसमोर, आणि छत्रीचं टोक थेट माझ्या खिडकीवर रोखते.

"ही इमारत म्हणजे आपल्या शहराची गोष्ट आहे," ती सांगते. "आधी इथं दोरखंड वळणारे आले. मग चामडं कमावणारे, मग शिंपी, मग लाँड्रीवाले. प्रत्येकाची बोली वेगळी, देश वेगळा. इथं प्रत्येकानं सुरुवात केली, जम बसवला आणि तो पुढं गेला. हे येणाऱ्यांचं शहर आहे. इथं कुणी मागं राहत नाही."

घोळका माना वर करतो, फोटो काढतो. त्या फोटोंत मी असणारच, कारण मी खिडकीतच बसलेली असते. एकदा मला राहवलं नाही. मी काच सरकवून आमच्या भाषेत ओरडले, "खोटं बोलतेस! शुद्ध खोटं!" त्यांना वाटलं मी स्वागत करतेय. सगळ्यांनी हात हलवले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दिवसभर मी कुणाशी धड बोलले नाही.

आता खरं काय ते मी सांगते. माझं कुणी ऐकून घेणार असेल तर.

आम्ही या शहरात आलो तेव्हा मुलगा माझ्या कडेवर होता. ह्यांनी आधीच्या लाँड्रीवाल्याकडून दुकान घेतलं. तो दुसऱ्या देशातून आलेला, डोक्यावर कायम टोपी. व्यवहारात काय काय आलं ते हे मला लोखंडी जिना चढताना सांगत होते. बॉयलर, दोन प्रेस, काउंटर, हँगरच्या दांड्या, बांधलेली गिऱ्हाइकं.

"आणि वरच्या खोलीत एक म्हातारी आहे," हे म्हणाले. "ती राहील."

"राहील म्हणजे? किती दिवस?"

"राहील," हे म्हणाले आणि पेटी दुसऱ्या हातात घेऊन पुढं झाले.

ती टोपीवाल्याची आई. या शहराचा भाड्याचा एक कायदा आहे. ज्याच्या नावावर जागा आहे ते माणूस जोवर त्या जागेत राहतंय, तोवर मालकाला भाडं वाढवता येत नाही की इमारत रिकामी करता येत नाही. आमचं खालचं दुकान आणि वरची खोली एकाच भाड्यात. नावाचं माणूस वारलं, तर जे बरीच वर्षं त्याच्याबरोबर राहिलंय त्याचं नाव लागतं. म्हणून या रस्त्यावर एक रीत पडली. दुकान विकणारा पुढं जातो, नव्या वस्तीत घर बांधतो, आणि जाताना आपलं एक म्हातारं माणूस मागं ठेवून जातो. घेणारा त्याला सांभाळतो. रस्त्यावर त्या माणसाला नाव नसतं. सगळे त्याला 'वरची' म्हणतात. खाली दुकान, वर वरची. टोपीवाल्याच्या आईआधीही एक होती म्हणे, चामडेवाल्यांची की शिंप्यांची कोण जाणे. ती हिनं सांभाळली होती.

पहिले काही दिवस मी नुसती धुमसत होते. माझी स्वतःची सासू मी गावी सोडून आले होते, आणि इथं परकीची सासू गळ्यात पडली. खोली एकच. मध्ये कपाट आडवं लावलेलं. कपाटाच्या खिडकीकडच्या बाजूला ती, अलीकडं आम्ही तिघं. जमिनीत एक चौकोनी झडप आहे, ती खाली दुकानात उघडते. तिच्यातून दोरीनं टोपली वर-खाली होते. तुटलेल्या बटणांचे कपडे खालून वर यायचे, म्हातारी बटणं लावून खाली सोडायची. त्याच झडपेतून वाफही वर यायची आणि दुकानातला शब्द न् शब्द. थंडीत बरं वाटायचं. उन्हाळ्यात ती खोली म्हणजे नुसतं पातेलं, वर झाकण ठेवलेलं.

तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. मग दुकानाच्या भाषेवर आमचं भागायचं. गरम. वाळलं. पांढरा दोरा. उद्या. तेवढ्या शब्दांत ती माझ्याशी भांडायचीसुद्धा. मी दोरा जास्त लांब तोडते म्हणून माझ्या बोटांवर चापट मारायची. मुलाला मांडीवर घेऊन बटणांच्या बरणीत हात घालू द्यायची. हळूहळू माझा राग कुठं गेला ते माझं मलाच कळलं नाही. तिच्यासाठी मी कपाट थोडं आमच्याकडं सरकवलं, म्हणजे तिला पाय लांब करता यावेत.

रविवारी मात्र ती वेगळीच बाई असायची. सकाळी उठून केस विंचरायची, जाड कोट घालायची, गळ्यापर्यंत बटणं लावायची, बुटाच्या नाड्या बांधायची, पर्स मांडीवर घ्यायची आणि दाराकडं तोंड करून खुर्चीत बसायची. टोपीवाला यायचा. मळक्या शर्टांची पिशवी खाली ठेवायचा, धुतलेल्या शर्टांची उचलायचा. मध्ये चहा व्हायचा. तिच्या गालाला गाल लावून तो जायचा. तो जिना उतरला की ती कोटाची बटणं एकेक करून सोडायची. घाई अजिबात नाही. एकदा मी हातवारे करून विचारलं, कुठं निघाली होतीस? तिनं दोन्ही हातांनी छपराचा आकार केला. घर. मग अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. थोडंसं थांबायचं. थोडेच दिवस.

गिऱ्हाइकं मला विचारायची, "तिची मुलं तिला नेत का नाहीत हो?"

"तिला इथंच आवडतं," मी सांगायचे.

मला ते खरंच वाटायचं. एखादं माणूस रोज एकाच खिडकीत दिसलं की त्याला ती खिडकी आवडते असं आपण धरून चालतो. शिवाय कामाच्या गडबडीत एवढं उत्तर पुरायचं.

एका थंडीत ती गेली. झोपेतच गेली, माझ्या कपाटापलीकडं. टोपीवाला आला, टोपी हातात घेऊन रडला, तिचा कोट आणि एक तसबीर घेऊन गेला. त्याचे शर्ट आमच्याकडं प्रेसला होते. ते न्यायला तो पुढच्या रविवारी आला. त्यानंतर कधी नाही.

मग नाव कुणाचं लावायचं हा प्रश्न आला. "तुझं लावू," हे म्हणाले. "बायका जास्त जगतात." आणि दोन थंड्यांच्या आत ह्यांनी स्वतःचा शब्द खरा करून दाखवला. ह्यांच्या दिवसांत मी इतकी सैरभैर होते की कोपऱ्यावर पाव घ्यायला गेले तेव्हा पाववाला कुणालातरी काय म्हणाला ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. "बाजूला व्हा, वरची आलीय," तो म्हणाला होता. त्यानं अगदी आदरानं जागा करून दिली होती. मी पाव न घेताच परतले.

दुकान मुलानं हाती घेतलं. चिरंजीव हुशार, कष्टाळू, गोड बोलणारे. गिऱ्हाइकाचा शर्ट जळला तरी गिऱ्हाईक हसत परत जाईल असं बोलणारे. लग्न झालं, सूनबाई आली. माझे गुडघे धरले, लोखंडी जिना जिवावर यायला लागला. तसं मी खाली जाणं कमी केलं, मग बंदच केलं. टोपली माझ्याकडं वर यायला लागली. म्हातारीची खुर्ची मी खिडकीपाशी ओढून घेतली, कारण तिथंच उजेड चांगला. हे सगळं इतकं सावकाश झालं की त्यातल्या कशावरही बोट ठेवून मी म्हणू शकत नाही, इथं मी अडकले.

मग चिरंजीवांनी नदीपलीकडच्या नव्या वस्तीत घर घेतलं. मला ते दाखवायला नेलं. जिना उतरताना एका बाजूनं त्यानं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं सूनबाईनं, आणि मी लहान मुलीसारखी हसत होते. घरात जिना नव्हता. स्वयंपाकघरामागं एक छोटी खोली होती, खिडकीतून सकाळचं ऊन सरळ जमिनीवर पडलेलं. खाली बॉयलर नाही, झडप नाही.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तुझीच समज," मुलगा म्हणाला.

माझ्या पर्समध्ये मापाची फीत असतेच. मी तिथल्या तिथं खिडकीचं माप घेतलं. दुकानात कुणीतरी टाकलेलं आणि कधीच न नेलेलं एक फिकट पिवळं कापड होतं. त्याचे मी पडदे बेतले. खाली दुहेरी पट्टी, वर चुण्या. रोज दुपारी थोडं थोडं शिवत होते. ऊन आत यायला हवं पण डोळ्यांवर नको, याचाच विचार चालू असायचा. इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते. सूनबाई चेष्टा करायची, "आई, नवऱ्या मुलीचा रुखवत चाललाय जणू." मी म्हणायचे, "चाललाय तर चालू दे."

दुकान घ्यायला एक जोडपं आलं. कुठल्या देशाचं ते नकाशात दाखवायला सांगितलं तर मला जमणार नाही. मी त्यांना नवा आणि नवी म्हणते. नव्यापेक्षा नवी चटपटीत होती. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, पोटुशी, तरी एका जागी ठरायची नाही. चिरंजीव त्यांना काम शिकवत होते. आवाज झडपेतून वर येत होता. मी पडद्याची शेवटची पट्टी घालत होते.

"हा बॉयलर," मुलगा खाली सांगत होता. "सकाळी पहिल्यांदा हा कॉक सोडायचा, पाणी काढून टाकायचं. हे दोन प्रेस. डावा जरा जास्त तापतो. या दांड्या, हे काउंटर. गिऱ्हाइकं सगळी जुनी आहेत, कुठं जात नाहीत." मग थोडा वेळ वाफेचाच आवाज. "आणि वर आई आहे. ती राहील."

"राहील?" नव्यानं विचारलं.

"हो. तिला इथंच आवडतं."

माझी सुई कापडातच राहिली. मी खाली बघितलं तर झडपेच्या चौकोनात मुलाचं डोकं दिसत होतं. मधोमध टक्कल पडायला लागलंय. ह्यांनाही तिथूनच पडलं होतं.

तो वर आला तेव्हा मी काही आडवळणानं बोलले नाही. मला ते येतच नाही.

"मला विकलंस?"

"आई, काहीतरीच काय बोलतेस?"

"बॉयलर, प्रेस, काउंटर आणि आई. मी वरून ऐकलं सगळं."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. लहानपणी काही फोडलं की असाच बसायचा. "हे बघ, तू इथून गेलीस की मालक दुसऱ्या दिवशी कुलूप ठोकेल. हे दोघं रस्त्यावर येतील, तिची ही अशी अवस्था. आणि दुकानाचं जे मिळालं ते मी घरात घातलंय गं. परत देणार कुठून? थोडेच दिवस. त्यांचा जम बसू दे, त्यांचं नाव लागू दे, की लगेच तुला नेतो."

"नाव कधी लागतं, माहीत आहे ना तुला? वरची मेली की लागतं."

"असं अभद्र बोलू नकोस."

"अरे, तू तिच्या मांडीवर बसून बटणं खेळलास! दर रविवारी ती कोट घालून बसायची ते बघितलंस. तुला सगळं माहीत आहे."

गोड बोलणाऱ्या माणसाचा शब्द संपला की तो फार केविलवाणा दिसतो. मला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला.

"मला तुमच्याबरोबर यायचंय," मी म्हणाले. "मला इथं राहायचं नाही. माझा जीव घुसमटतो इथं. सरळ सांगतेय, नंतर म्हणू नकोस की आई कधी बोलली नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काहीतरी म्हणणारही होता. इतक्यात खाली काउंटरवरची घंटी वाजली आणि तो गेला. त्या दिवशी दुकानात भलतीच गर्दी होती म्हणे. तो पुन्हा वर आला तो जेवणवेळी, सूनबाईला बरोबर घेऊन, म्हणजे बोलायला नको.

सामान हलवायच्या दिवशी मी कोट घातला. बूट घातले, नाड्या बांधल्या, पर्स घेतली. मला वाटत होतं, तयार होऊन बसलेल्या आईला ओलांडून मुलगा जाऊ शकणार नाही. खुर्ची दाराकडं फिरवून बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं, रविवारी म्हातारी अशीच बसायची. पण आता उठायचं म्हणजे हरल्यासारखं. मी बसून राहिले. माझ्यासमोरून गाद्या गेल्या, भांडी गेली, टीव्ही गेला. शेवटी सूनबाई आली, गळ्यात पडून रडली. ती वाईट नाही, तिला उगीच दोष देणार नाही मी. जाताना तिनं पडद्यांची घडी उचलली.

"लावते हं लगेच. किती सुंदर झालेत."

"रविवारी येतो," मुलगा म्हणाला. माझ्या कोटाकडं त्यानं पाहिलं नाही.

टेम्पोचा आवाज कोपऱ्यावरून वळून गेला. मी तशीच. मग नवी वर आली, हातात काहीतरी गरम पेय घेऊन. तिनं माझा कोट बघितला, बूट बघितले. बोटानं दाराकडं दाखवलं आणि भुवया उंचावल्या. निघालात? मी नाही म्हणून मान हलवली आणि कोटाची बटणं सोडायला लागले. खालची दोन तिनं सोडली.

तिच्याबद्दल तक्रार करावी असं मी बरंच शोधलं, काही सापडलं नाही. तोही एक ताप. ती मला खिडकीपाशी ऊन येईल तशी खुर्ची फिरवून द्यायची. आल्याबरोबर तिनं कपाट त्यांच्या बाजूला सरकवलं, म्हणजे मला पाय लांब करता यावेत. ते बघून मी तिच्यावर उगीचच खेकसले. ती बिचारी गोंधळून गेली. शहराची भाषा तिला मोडकीतोडकी येते, मलाही तशीच. दोघींच्या मोडक्या जागा वेगळ्या असल्यामुळं आमचं बरं जुळतं.

थोड्या दिवसांनी भाडेकचेरीचा तपासनीस येणार असं कळलं. मालकानं तक्रार केली होती की नावाची बाई इथं राहतच नाही, मुलाकडं गेली. चिरंजीवांची धावपळ उडाली. आदल्या दिवसापासून फोनवर फोन. "फक्त हो म्हण. बाकी मी बघतो."

आणि मला सुचलं की दार तर उघडंच आहे. 'मी इथं राहत नाही, मुलाकडं राहते.' एवढं एक वाक्य. मग मालक कुलूप लावेल आणि मुलाला मला नेल्याशिवाय गत्यंतर नाही. पिवळे पडदे, सकाळचं ऊन, जिना नाही. मी ते वाक्य शहराच्या भाषेत नीट जुळवलं, पुन्हा पुन्हा घोकलं. अपराधी वगैरे मला काही वाटलं नाही. इतकी वर्षं सगळ्यांनी माझ्या जगण्यावर आपली घरं बांधली, एकदा मी माझ्यासाठी एक वाक्य बोलले तर कुणाचं घोडं मारलं?

सकाळी उठले तर माझा कोट दाराशी, हाताला येईल अशा खुंटीला लावलेला. ब्रशनं झाडलेला, प्रेस केलेला. तळाचं सैल झालेलं बटण घट्ट केलेलं. मी नवीकडं बघितलं. ती भांडी आवरत होती. माझ्याकडं न बघताच ती हळूच म्हणाली, "जायचं असेल तर." बस, एवढंच. तिला सगळं माहीत होतं. मी गेले तर तिचं काय होईल तेही माहीत होतं. पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं.

तपासनीस आला. तरुण, घामाघूम, जिन्याला शिव्या देत. मुलगा आलेला, नवाही प्रेस बंद करून वर आलेला. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. नवी कपाटाला टेकून उभी.

"बाई, तुम्ही इथंच राहता का?"

माझं वाक्य तोंडाशी आलं होतं. मी श्वास घेतला. तेवढ्यात चिरंजीवांनी आपला गोड आवाज लावला, "म्हणजे काय साहेब, आईला इथंच आवडतं. आम्ही किती म्हणतो, पण ती ऐकतच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्यांनी तुला विचारलं की मला?" मी म्हणाले. मग तपासनिसाकडं वळले. "मला इथं आवडत नाही. कधीच आवडलं नाही. उन्हाळ्यात इथं उकडून निघतं, जिना मला उतरता येत नाही, आणि मला इथून जायचंय. हा खोटं बोलतोय."

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. नवीनं हात पोटावर ठेवला. तिनं नजर खाली केली नाही, माझ्याकडंच बघत राहिली, आणि विनवणी अशी काहीच नव्हती तिच्या तोंडावर. तिनं विनवणी केली असती तर मी ते वाक्य बोलले असते.

"पण राहते मी इथंच," मी म्हणाले.

"म्हणजे राहता?"

"राहते."

त्यानं कुठंतरी खूण केली आणि घाम पुसत निघून गेला. मुलानं मला मिठी मारली, "आई, आई," करत राहिला. मी लाकडासारखी बसून होते. तो म्हणाला, "रविवारी नक्की येतो." मग कामाची आठवण होऊन जिना उतरला.

सगळे गेल्यावर मी नवीला जवळ बसवलं. "नीट ऐक," म्हटलं. "मी मेले की ही जागा तुझ्या नावावर करायला बघतील. तुझा नवरा म्हणेल, बायका जास्त जगतात. करू देऊ नकोस. काय वाट्टेल ते झालं तरी तुझं नाव लावू देऊ नकोस."

तिला हसू आलं. माझा हात थोपटत, लहान मुलाची समजूत घालावी तशी ती म्हणाली, "आमचं? नाही हो आजी. आम्ही इथं थोड्याच दिवसांसाठी आलोय."

ती उठून बाळाच्या अंगड्याला बटणं शोधत बरणी धुंडाळायला लागली.

रविवार उजाडला. कोट खुंटीलाच होता, मी त्याला हात लावला नाही. घरातल्या साध्या कपड्यांत, पायांत सपाता, खिडकीकडं तोंड करून बसले. खाली छत्रीवाली आली. आता तिच्या गोष्टीत एक ओळ वाढलीय. "आणि हे लाँड्रीवालेसुद्धा आता पुढं गेले बरं का, नदीपलीकडं. आता इथं अगदी नवे लोक आलेत." घोळक्यानं फोटो काढले. घोळक्याच्या कडेकडेनं वाट काढत चिरंजीव येताना मला वरून दिसले. हातात पिशवी होती.

तो दारात उभा राहिला. पिशवी कोरी, जाड, तोंड बंद असलेली. "पडदे काय मस्त दिसतात गं. सगळे विचारतात कुणी शिवले म्हणून." मग पिशवी जमिनीवर ठेवत म्हणाला, "आई, हे थोडे शर्ट होते. तिकडच्या लाँड्रीत तुझ्यासारखी बटणं कुणाला लावता येत नाहीत."

"खाली दे."

"काय?"

"गिऱ्हाइकांचे कपडे काउंटरवर घेतात. जिना चढून वर यायचं नाही. कपड्यांचं तिकीट घ्यायचं आणि जायचं."

तो हसला. मी हसले नाही. त्याचं हसू हळूहळू उतरलं. पिशवी उचलून तो एकेक पायरी उतरत खाली गेला. झडपेतून घंटी ऐकू आली. ज्या काउंटरखाली तो रांगायला शिकला त्याच काउंटरपुढं उभा राहून तो नवीला काहीतरी सांगत होता. नवी तिकिटावर नावं लिहीत नाही, नंबर घालते. तिनं सगळ्यांना देते तसं त्यालाही तिकीट फाडून दिलं.

दोरी हलली. टोपली वर आली. सगळ्यात वरच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण तुटलं होतं. मी तो मांडीवर घेतला. ओळखीचा वास आला आणि डोळे भरून आले, ते मी खोटं कशाला सांगू. सुईत दोरा ओवताना दोनदा चुकले.

खालून नवीनं हाक मारली, "आजी, हे विचारतायत, कधी मिळतील?"

मी झडपेवर वाकले. चौकोनात त्याचं वर केलेलं तोंड दिसलं.

"त्यांना सांग," मी म्हणाले, "थोडे दिवस थांबायला लागेल."